९४ पर्सेंटाइलवर नंबर लागेल का? चान्स असा मोजा

(हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

लोणावळा लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असाल, भाताच्या खाचराच्या बांधावर बसून ऐकत असाल, किंवा वर्गात मागच्या बाकावर एकाच कानात इअरफोन घालून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून ठरला. कामशेतजवळच्या एका गावातली मुलगी. नाव सांगत नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, सीईटीला ९४ पर्सेंटाइल आलेत. बारावी लोणावळ्यातून केली. ओबीसी आहे. सीओईपी मिळेल का? नाही मिळालं तर पुणे विद्यापीठाचं चांगलं कॉलेज मिळेल का? पप्पांना एकानं सांगितलंय, आत्ताच मॅनेजमेंट कोट्यातून सीट धरून ठेवा, नंतर काही उरत नाही. पप्पा पैशांची जुळवाजुळव करतायत."

असे मेसेज निकाल लागला की दर वर्षी येतात. पर्सेंटाइल बदलतो, गाव बदलतं, प्रश्न तोच. आणि शेवटचं वाक्य बघा, पैशांची जुळवाजुळव सुरू झाली पण. आपल्या मावळात ही जुळवाजुळव कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. कुठं सोनं गहाण पडतं, कुठं गुंठा दोन गुंठे विकायची बोलणी सुरू होतात. म्हणून या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं फेकून चालत नाही. चान्स मोजता येतो. कागद, पेन आणि एक संध्याकाळ लागते. ते कसं करायचं ते आज सांगतो.

आधी हे, की विद्यापीठ म्हणजे नक्की कुठं प्रवेश?

"पुणे विद्यापीठात अॅडमिशन" असं आपण सरसकट म्हणतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. ते राज्याचं विद्यापीठ आहे आणि पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. म्हणजे इंजिनीअरिंगला तुमचा प्रवेश होतो कॉलेजात, डिग्री मिळते विद्यापीठाची. कुसगावचं सिंहगड, तळेगावचं नूतन महाराष्ट्र, निगडीचं पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, ही त्यातलीच.

सीओईपीचं वेगळं आहे. १८५४ सालापासूनची ही संस्था, पण २०२२ पासून ती स्वतःच एक राज्य विद्यापीठ आहे. सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. पुणे विद्यापीठाशी आता तिचा डिग्रीचा संबंध नाही.

दोन्हीकडे जायचा रस्ता मात्र एकच. एमएचटी-सीईटी द्यायची आणि राज्य सीईटी कक्षाच्या कॅप राउंडमधून जायचं. खाजगी विद्यापीठांचं, जी आपल्याकडे तळेगावच्या बाजूला पण झालीत, त्यांची प्रवेशाची पद्धत त्यांची स्वतःची असते. आज त्यांच्यात शिरत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, आणि नंबर पण नाही

सीईटी २०० मार्कांची. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, मॅथ्स १००. निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर बऱ्याच सत्रांत होतो, कुणाला सोपा पडतो, कुणाला अवघड. म्हणून मार्क न देता पर्सेंटाइल देतात. ९४ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रातल्या शंभरातले ९४ जण तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्कांवर आहेत. तुमच्या पुढं साधारण सहा.

आता गंमत ऐका. शंभरात सहा, पण एकूण किती जणांत सहा?

२०२४ साली पीसीएम ग्रुपची परीक्षा साधारण २ लाख ९५ हजार मुलांनी दिली. त्यातले सहा टक्के म्हणजे साधारण १७ हजार ७०० मुलं पुढं. २०२५ साली ही परीक्षा ४ लाख २२ हजारांहून जास्त मुलांनी दिली. तेच सहा टक्के आता २५ हजारांच्या वर जातात.

पर्सेंटाइल तोच, ९४. पण पुढं उभी असलेली रांग साडेसात हजारांनी लांबली. शेजारचा दादा म्हणतो, "मला ९४ वर अमुक कॉलेज मिळालं होतं." दादा खरं बोलतोय. पण त्याच्या वर्षीचं ९४ आणि तुमचं ९४ ही एक गोष्ट नाही.

मग धरायचं काय? मेरिट नंबर. कॅपचं रजिस्ट्रेशन आणि कागदांची तपासणी झाली की आधी तात्पुरती आणि मग अंतिम गुणवत्ता यादी लागते. त्यात तुमचा राज्याचा मेरिट नंबर असतो. परीक्षा देणारे सगळेच कॅपला अर्ज करत नाहीत, त्यामुळे हा नंबर वरच्या हिशोबापेक्षा बराच बरा येतो. तुमचा चान्स याच नंबरावर मोजायचा. त्याआधी कुणी छातीठोकपणे "मिळेल" किंवा "नाही मिळणार" सांगत असेल तर तो अंदाज आहे, एवढंच लक्षात ठेवा. मोबाइलवरचे कॉलेज प्रेडिक्टर पण बहुतेक पर्सेंटाइलच विचारतात. बघायला हरकत नाही, त्यावर घर चालवू नका.

कट-ऑफची यादी वाचायची कशी

सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांच्या कट-ऑफच्या पीडीएफ असतात. फुकट. उघडली की डोळे फिरतात, हजारो ओळी. पण गुरुकिल्ली छोटी आहे.

प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक ब्रँचखाली कोड असतात. कोडचे तीन तुकडे करा. पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग तुमचा प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी, एसटी वगैरे. शेवटचं अक्षर सगळ्यात जास्त लोक विसरतात: एच, ओ किंवा एस.

एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांच्या जागा. ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांच्या. एस म्हणजे सगळ्या राज्याला एकच रांग. सीओईपीत एस असतं, तिथं पुणेकर आणि गडचिरोलीकर एकाच यादीत. पण निगडी, तळेगाव, लोणावळ्याच्या कॉलेजांत एच आणि ओ असतं, साधारण ७० आणि ३० अशा वाटणीनं.

कोडपुढं दोन आकडे दिसतील. एक मेरिट नंबर, दुसरा पर्सेंटाइल. हा त्या जागेवर शेवटी बसलेल्या मुलाचा नंबर. तुम्ही मेरिट नंबर बघा.

आपल्या कामशेतच्या मैत्रिणीनं बघायच्या ओळी कुठल्या? मुलगी, ओबीसी, बारावी लोणावळ्याची. म्हणजे निगडीच्या कॉलेजसाठी एल-ओबीसी-एच ही ओळ, त्यासोबत जी-ओबीसी-एच, एल-ओपन-एच आणि जी-ओपन-एच पण, कारण मुलींच्या जागा आणि खुल्या जागा दोन्हीकडे तिचा हक्क आहे. सीओईपीसाठी हेच कोड पण शेवटी एस. बहुतेक मुलं फक्त जी-ओपनची ओळ बघून खचतात आणि यादीतून कॉलेजच काढून टाकतात.

आणखी एक. पहिल्या राउंडचं कट-ऑफ बघून निर्णय घेऊ नका, पुढच्या राउंडचं पण उघडा. बहुतेक ठिकाणी ते खाली येतं. कधी उलटं पण दिसतं, कारण शेवटी एखादीच जागा उरलेली असते आणि ती कुणीतरी वरच्या नंबरचा घेऊन जातो. म्हणून एका वर्षावर जाऊ नका. दोन-तीन वर्षं शेजारी शेजारी मांडा.

घाटाखाली की घाटावर? हे दहावीवाल्यांनी ऐका

होम युनिव्हर्सिटी ठरते कशावरून? बऱ्याच जणांना वाटतं, घराच्या पत्त्यावरून, आधार कार्डावरून. तसं नाही. तुम्ही बारावी ज्या कॉलेजातून पास झालात ते कॉलेज कुठल्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं, त्यावरून.

लोणावळा-खंडाळ्याच्या मुलांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. खोपोली इथून हाकेच्या अंतरावर, पण तो रायगड जिल्हा, म्हणजे मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र. लोणावळ्यात राहणाऱ्या मुलानं अकरावी-बारावी खोपोलीला केली, तर त्याची होम युनिव्हर्सिटी मुंबई. मग तळेगावला, निगडीला तो ओ च्या रांगेत. कर्जत, पनवेल, नवी मुंबईकडे एच च्या रांगेत. उलट खोपोलीचा मुलगा घाट चढून लोणावळ्यात बारावी करतो, तो पुण्याच्या एच मध्ये.

यात चांगलं-वाईट असं काही नाही. नवी मुंबईकडं जायचं असेल तर खालचं कॉलेज सोयीचंच. पण अकरावीचं कॉलेज निवडताना घरात चर्चा होते ती एसटीच्या वेळेची आणि क्लासच्या फीची. दोन वर्षांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं ते तिथंच ठरतं, हे माहीत असू द्या.

तीन कप्पे करा

आता वहीचं पान घ्या. कॉलेज आणि ब्रँच अशी एकेक जोडी लिहा. समोर मागच्या तीन वर्षांचे शेवटचे मेरिट नंबर, तुमच्या ओळीतले. मग तुमचा नंबर ठेवून बघा.

तिन्ही वर्षं तुमच्या नंबरवर जागा मिळाली असती, तर ती खात्रीची. एखाद्या वर्षी मिळाली असती, एखाद्या वर्षी नाही, तर ती शक्यतेतली. एकाही वर्षी नाही, तर अवघड.

सीओईपीचं कम्प्युटर खुल्या गटात ९९.९ च्या आसपास बंद होतं. त्याच आवारातल्या मेटलर्जीसारख्या ब्रँच त्याच्या बऱ्याच खाली. म्हणजे "सीओईपी मिळेल का" हा प्रश्नच अर्धा आहे, ब्रँच सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तरी ९४ वर सीओईपी जवळपास सगळं अवघड कप्प्यातच जाईल, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. खोटी आशा देऊन उपयोग नाही. पण निगडी, आकुर्डी, तळेगाव, लोणावळा, या पट्ट्यात तिच्यासाठी शक्यतेतल्या आणि खात्रीच्या बऱ्याच जोड्या निघतात. राज्यात इंजिनीअरिंगच्या जागा आता दोन लाखांच्या घरात आहेत आणि दर वर्षी काही रिकाम्या राहतात. "नंतर काही उरत नाही" हे वाक्य ठराविक कॉलेजच्या ठराविक ब्रँचपुरतं खरं आहे. सरसकट खरं नाही.

कप्पे करताना लोकल पण हिशोबात धरा. सीओईपी शिवाजीनगर स्टेशनजवळ, निगडीचं कॉलेज आकुर्डी स्टेशनजवळ. लोणावळ्याहून शिवाजीनगर म्हणजे जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास. दुपारी लोकल विरळ असतात, प्रॅक्टिकल लवकर सुटलं तरी स्टेशनवर बसून राहावं लागतं. चार वर्षं हे झेपेल का, की हॉस्टेलचा खर्च धरायचा, ते आत्ता ठरवा.

यादीचा क्रम: इथं खरी गफलत होते

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. मुलांना भीती असते की वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल. नाही जात. का ते समजून घ्या.

कम्प्युटर मेरिट नंबरनं चालतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून वाचतो. पहिल्या पर्यायात तुमच्या हक्काची जागा शिल्लक आहे का? नाही. दुसऱ्यात? नाही. पाचव्यात आहे? घ्या. वरच्या चार ठिकाणी "नाही" आलं म्हणून पाचव्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. तुमच्या मागच्या नंबरच्या मुलानं तेच कॉलेज पहिलं टाकलं असलं तरी ते आधी तुम्हालाच विचारलं जातं.

म्हणून यादी लावायची आवडीच्या क्रमानं, चान्सच्या क्रमानं नाही. वर अवघड पण मनापासून हवं असलेलं, मध्ये शक्यतेतलं, खाली खात्रीचं. आणि खात्रीचे पर्याय भरपूर टाका. दहा-बारा पर्याय भरून थांबणारी मुलंच पहिल्या राउंडला हात हलवत राहतात.

एक धोका आहे मात्र. ऑटो फ्रीज. २०२५ च्या प्रक्रियेत चार राउंड होते. पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला की तो घ्यायचाच. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं की घ्यायचंच. तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या राउंडमधून बाहेर. म्हणजे मित्रानं टाकलं म्हणून, किंवा "बघू तरी" म्हणून वर काही टाकू नका. ते खरंच लागलं तर तिथंच जावं लागेल. दर राउंडला यादी बदलता येते, ती संधी वापरा. हे नियम दर वर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडून राउंडचा नियम स्वतः वाचा. यूट्यूबवरच्या दादाच्या भरवशावर राहू नका. माझ्या पण नाही.

कागद नसेल तर चान्स शून्य

वर केलेला सगळा हिशोब तुमच्या प्रवर्गाच्या ओळीवर आहे. जात वैधता प्रमाणपत्र नसेल, नॉन क्रिमीलेअरची मुदत संपलेली असेल, तर तुम्ही त्या ओळीतून उठून खुल्या ओळीत येता. मेरिट नंबर तोच राहतो, पण कॉलेज हातचं जातं. कधी कधी सरकार मुदतवाढ देतं, पण ती मिळेलच असं धरून चालू नका.

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या मुलांना खास सांगतो. आपल्याकडे प्रवेशाचे दिवस आणि भात लावणीचे दिवस एकच. घरातली सगळी माणसं खाचरात, वर धो धो पाऊस, लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही, आणि फॉर्मची शेवटची तारीख आज. शिवाय वैधतेला पुरावे लागतात, आजोबांच्या काळातले दाखले, शाळेचा जुना उतारा. ते शोधायलाच महिना जातो. महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतल्या मुलांना तर हे जास्तच भोवतं. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. उत्पन्न, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर यांसाठी वडगावला किंवा जवळच्या सेतूत बारावीची परीक्षा संपल्या संपल्या जा.

आणि आता ते मॅनेजमेंट कोट्याचं

खाजगी कॉलेजांत काही जागा संस्था स्तरावर भरतात, त्यालाच आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो. त्यालाही नियम आहेत, मेरिट आहे, वर प्रवेश नियामक प्राधिकरण आहे. मेरिट लिस्ट लागायच्या आधी कुणी मध्यस्थ "टोकन द्या, सीट धरतो" म्हणत असेल, पावती देत नसेल, तर तिथून उठा.

पण या मुलीच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत हवं, आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. कॅपमधून! मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की ही माफी नाही.

म्हणजे बघा, पप्पा पैसे जमवून जी सीट "धरणार" होते, ती धरल्यावर चार वर्षांची माफी सोडावी लागणार. तेच कॉलेज कदाचित तिच्या शक्यतेच्या कप्प्यात आहे. आधी जागेसाठी पैसे, मग दर वर्षी पूर्ण फी. हा हिशोब त्यांना कुणी मांडूनच दाखवला नव्हता.

मुलांसाठी आणि मुलींसाठी आणखी एक दार आहे, टीएफडब्ल्यूएस. प्रत्येक ब्रँचला पाच टक्के जादा जागा, शिक्षण फी माफ, उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच. कट-ऑफ चढं असतं, पण यादीत तो पर्याय वेगळा भरावा लागतो. भरलाच नाही तर मिळणार कसा?

थोडक्यात, घरी बसून करायचं काम

मेरिट नंबर येईपर्यंत कुणाला पैसे देऊ नका. नंबर आला की आपल्या बरोबर ओळी शोधा, तीन वर्षं मांडा, तीन कप्पे करा. यादी आवडीनं लावा, खाली खात्रीचे भरपूर टाका. वरच्या सहांत फक्त तेच ठेवा जिथं खरंच जाल. आणि कागद आधी.

एक विनंती. ती वही घरात वडिलांसमोर, आईसमोर उघडा. "मला कळतंय, तुम्ही नका लक्ष घालू" असं म्हणू नका. मध्यस्थाचं बोलणं त्यांना पटतं, कारण तो समोर बसून आकडे सांगतो. तुम्ही पण समोर बसून आकडे सांगा. मेरिट नंबरच्या शेजारी मागच्या वर्षीचा नंबर दिसला की ज्यांनी कधी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, त्यांनाही चान्स कळतो.

पुढच्या भागात डिप्लोमावाल्यांचं, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं बोलू. तोपर्यंत तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजनं पाठवा. पाठवताना पर्सेंटाइलसोबत बारावी कुठून केली आणि प्रवर्ग कुठला, हे पण सांगा. नाहीतर मी परत तेच विचारत बसेन.

भेटू. घाटात धुकं आहे, गाडी सावकाश चालवा.